श्रद्धेची वाट घरातून जाते

वडोदऱ्यासारख्या शहरात मराठी आणि गुजराती, हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशी नाना तऱ्हेची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. फत्तेगंजाच्या बाजूस जाता-येता चर्चची इमारत दृष्टीस पडते. रविवारी तेथे उपासनेला आलेली माणसेही दिसतात. परंतु त्या माणसांची श्रद्धा आठवड्याच्या उरलेल्या सहा दिवसांत कशी वाढते, हे रस्त्यावरून दिसत नाही. मराठी वाचकाला ते दाखविणारे एक पुस्तक मात्र आहे. ते म्हणजे १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे वळले ते चिंतनाच्या आणि वाचनाच्या वाटेने. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना बायबल वाचावयास दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वार्तेने लक्ष्मीबाईंच्या संसारावर जणू वीजच कोसळली. पदरी लहान मूल, पती परधर्मात आणि भोवती शोकाकुल आप्तमंडळी! पुढील चार-पाच वर्षे पती-पत्नींचा वियोग झाला. पंढरपुरासारख्या क्षेत्री आपल्या माणसांच्या आधाराने त्या राहिल्या.

धर्मचर्चेने हे अंतर तुटले नसते. तुटले ते परस्परांच्या ओढीने. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तेव्हा आपले सोवळे-ओवळे त्यांनी बरोबरच आणले होते. टिळकांचा स्वभाव उतावळा व तापट. परंतु बाप्तिस्म्यासाठी त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. श्रद्धा दुसऱ्याच्या अंगावर वस्त्रासारखी घालता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ज्या धर्माने प्रेम शिकविले, त्याची पहिली कसोटी त्यांच्या स्वतःच्याच घरात होती.

पुढे राहुरीस एका रात्री लक्ष्मीबाईंच्या मनात विचारांचे वादळ उठले. माणूस देवाने घडविला. मग जाती कोणी घडविल्या? पशुपक्ष्यांत जशी निरनिराळी शरीरे दिसतात, तशी माणसामाणसांत कोठे दिसतात? उत्तर मिळाले आणि त्यांनी निश्चय केला, की यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो यानंतर. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी पाण्याचा पेला बदलला आणि मग धर्म. ज्या स्वयंपाकघरात भेदाचे नियम पाळले जात होते, तेथेच ते गळून पडले.

परंतु बाप्तिस्म्याने श्रद्धेची वाढ पुरी झाली नाही. खरे म्हणजे तेथून ती सुरू झाली. टिळकांच्या घरी परक्यांची मुले पोटच्या मुलांसारखी वाढली. अहमदनगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. बालकवी ख्रिस्ती नव्हते. पण त्या मायेला धर्मांतराची अट नव्हती. पतीचा हात देण्यात सढळ, त्यामुळे घरात पैसा टिकत नसे. त्या ओढाताणीत रागावणे, हसणे आणि पुन्हा क्षमा करणे हा जणू नित्यपाठच होता. क्षमेवर प्रवचन ऐकणे सोपे असते. ज्याच्याशी सकाळी वाद झाला, त्याला दुपारी प्रेमाने जेवू घालणे अवघड असते.

१९१९ मध्ये टिळक निवर्तले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य थोड्याच अध्यायांवर थांबले होते. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पूर्ण केले. ज्या श्रद्धेपायी एकेकाळी संसार दुभंगला होता, तिचे काव्य आता त्यांच्याच हातून तडीस गेले.

ख्रिस्ताने सांगितलेले दृष्टान्त पाहिले, तर त्यांतही घरच आढळते. हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी स्त्री तेथे आहे, आणि पिठात खमीर मिसळणारीही आहे. खमिराचे काम आवाज न करता चालते. पीठ फुगले, म्हणजेच ते कळते. श्रद्धेचेही तसेच आहे. ती किती वाढली, याची साक्ष प्रार्थनामंदिरापेक्षा शेजारी, सून, नोकर आणि दाराशी आलेला पाहुणा हेच अधिक खरी देऊ शकतील.