सायलेन्सरला रंग देताना

पावसाळा सरला की कोकणात कितीतरी मोटरसायकलींच्या सायलेन्सरवर तांबूस गंज दिसू लागतो. मग काळ्या रंगाचा डबा येतो, घाईघाईने ब्रश फिरतो आणि थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटतात. साधा ऑइलपेंट दीडशे-दोनशे अंशांपुढे टिकत नाही, आणि इंजिनाला लागून असलेला बेंड पाइप त्याहून कितीतरी जास्त तापतो.

इथे सिलिकॉन रेझिनचा हीटप्रूफ पेंटच हवा. तो साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतो. पण खरी मेहनत रंगाआधीची. तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने गंज पार खरवडायचा, थिनरने तेलकटपणा पुसायचा आणि नंतर बोटसुद्धा लावायचं नाही. नेहमीचा रेड ऑक्साइड प्रायमर खाली देऊ नका. तो जळतो आणि वरचा रंगही घेऊन जातो. हात पातळच द्यावेत. जाड थर फुगतो.

रंग वाळला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. हा रंग उष्णतेनेच पक्का होतो. इंजिन थोडा वेळ मंद चालवून पूर्ण गार होऊ द्यायचं, मग पुन्हा जरा जास्त वेळ चालवायचं. सुरुवातीला धूर आणि वास येतो, म्हणून हे उघड्यावरच करा.

आणखी एक. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. तिचं पाणी साचून पत्रा आतून कुजतो. तिथे बाहेरचा रंग काय करणार? हे पाणी निघून जायला सायलेन्सरला खालून बारीक छिद्र असेल, तर रंगवताना ते बुजवू नका.