कार्डाला गुण मिळतात ते कसे?

चंडीगडनं भारताला कपिल देव दिला, युवराज सिंग दिला. त्यांचं एखादं जुनं कार्ड तुमच्या कपाटात असेल आणि ग्रेडिंगला पाठवायचा विचार असेल, तर आधी एवढं ऐका.

अमेरिकेतली पीएसए ही कंपनी १९९१ पासून कार्डांना १ ते १० गुण देते. पाहतात त्या चार गोष्टी: छपाई मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. कार्ड दिव्याखाली तिरकं धरा, भिंगातून बघा. झिजलेला कोपरा घरीच दिसतो. मग फी आणि टपालखर्च करायचा की नाही, ते ठरवा.

आणि कात्री लांब ठेवा! पीएसएनं पहिले गुण दिले ते होनस वॅग्नर या बेसबॉलपटूच्या कार्डाला. मिळाले ८. पुढे २०१३ मध्ये विक्रेता बिल मॅस्ट्रोनं कबूल केलं, त्या कडा आपण कापल्या होत्या.

झिजलेला कोपरा हे कार्डाचं वय आहे. ते लपवलं की पुढचा घेणारा फसतो. त्यापेक्षा कमी गुणांचं खरं कार्ड मुलांच्या हाती द्या.