दहाचा गठ्ठा आणि दहाचे घर
(शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आज मला बोलावयास दिलेला विषय दिसावयास अगदी लहान आहे. 'एकक, दशक, शतक' आपण पहिल्या दोन-तीन इयत्तांत शिकवितो, मुले फळ्यावरील चौकट वहीत उतरवून घेतात, आणि आपण पुढील पाठाकडे वळतो. परंतु चौथीच्या वर्गात एखाद्या मुलास 'एकशे पाच' लिहावयास सांगावे आणि त्याने १००५ लिहावे, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना असेल. हे मूल आळशी नव्हे आणि मंदही नव्हे. त्याने शंभर ऐकले, १०० लिहिले; पाच ऐकले, ५ लिहिले. त्याच्या तर्कात खोट नाही. अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते, ही एकच गोष्ट त्यास कोणी प्रत्यक्ष दाखविलेली नाही.

ही गोष्ट सोपी आहे असे आपण समजतो, ती आपल्या अंगवळणी पडली म्हणून. रोमन लोकांनी दहासाठी एक, पन्नासासाठी दुसरे आणि शंभरासाठी तिसरे चिन्ह वापरले. एकच चिन्ह जागा बदलून दहापट करावे, ही युक्ती त्यांच्या अंकांत नाही. आपल्या देशात ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्यासह गणित करण्याचे नियम लिहिले, आणि ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० ही संख्या शून्यासह कोरलेली आजही पाहावयास मिळते. मानवजातीस जे गवसावयास इतका काळ लागला, ते सात वर्षांच्या मुलास आपण एका तासिकेत व्याख्या सांगून देऊ पाहतो!

आपल्या वर्गाची परीक्षा घेण्याचा एक साधा उपाय सांगतो. मुलापुढे सोळा चिंचोके मांडावेत व त्याजकडून १६ ही संख्या लिहवून घ्यावी. मग ६ वर बोट ठेवून 'एवढे चिंचोके दाखव' म्हणावे. ते सहा दाखवील. नंतर १ वर बोट ठेवून तेच विचारावे. पुष्कळ मुले एकच चिंचोका उचलतात. उरलेले नऊ कोठे गेले, असा प्रश्नही त्यांना पडत नाही. हीच मुले 'दशकस्थानी कोणता अंक आहे?' ह्या प्रश्नाचे उत्तर बिनचूक देतात. म्हणजे त्यांना घराचे नाव ठाऊक आहे; घरात राहणाऱ्याची किंमत ठाऊक नाही.

मराठी मुलापुढे आणखी एक अडचण आहे. आपण 'सत्तेचाळीस' म्हणतो, तेव्हा कानावर सात आधी पडतात आणि चाळीस मागून येतात. लिहिताना मात्र ४ आधी लिहावयाचा. म्हणून मूल ७४ लिहिते. 'एकोणसाठ' मध्ये तर पाचही ऐकू येत नाहीत आणि नऊही नाहीत; ऐकू येतात एक आणि साठ, म्हणून ते ६१ लिहून मोकळे होते. सीमाभागातील कन्नड बोलणारे मूल 'इप्पत्तोंदु' म्हणते, तेव्हा त्याच्या तोंडी वीस आधी आणि एक नंतर असतो. त्याचा हा त्रास वाचतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर ह्यांनी तिची बाजू मांडली. अनेकांना ती भाषेची मोडतोड वाटली. त्या वादात मी शिरत नाही. बाजारात आणि घरी मुलाच्या कानी 'त्रेसष्ट'च पडणार, तेव्हा ते त्यास आलेच पाहिजे. परंतु त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन, हे त्याच्या हातांना आधी कळले, तर शब्दाचा उलटेपणा त्यास फार काळ अडविणार नाही.

हातांना कळावे म्हणून साधन हवे, आणि त्यास पैसा लागत नाही. खराट्याच्या बोटभर काड्या आणि थोडी सुतळी पुरे. मूठभर काड्या चार मुलांच्या गटास द्याव्यात व किती आहेत ते मोजावयास सांगावे. मोजता मोजता ती चुकतील. मग दहा-दहांचे गठ्ठे बांधून मोजावयास सांगावे. गठ्ठा मुलानेच बांधला पाहिजे, हा माझा आग्रह आहे. आपण आयते बांधून दिलेले गठ्ठे मुलाच्या लेखी दहा काड्या नसतात, ती नुसती एक वस्तू असते. दहा गठ्ठे झाले की त्यांचा एक भारा बांधावा. त्याचे नाव शतक.

येथवर पुष्कळ शिक्षक येतात. परंतु येथेच थांबणे ही आपली नेहमीची चूक आहे. काड्यांचा गठ्ठा डावीकडे ठेवा अथवा उजवीकडे, तो दहाच राहतो. अंक तसा नाही. ४७ मधील ४ उजवीकडे सरकला की त्याची किंमत जाते. म्हणजे गठ्ठ्याने दहाचा समूह शिकविला, स्थान शिकविले नाही. गठ्ठा आणि अंक ह्यांच्यामध्ये आणखी दोन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी नोटांची. एक, दहा व शंभर रुपयांच्या कागदी खेळण्यातील नोटा कराव्यात. फासा टाकावा, जितके दान पडेल तितके सुटे रुपये घ्यावेत, आणि दहा सुटे झाले की बँकेत देऊन दहाची एक नोट घ्यावी. दहाची नोट एकाच्या नोटेपेक्षा दहापट मोठी दिसत नाही, तरी तिची किंमत दहापट आहे, हे मूल येथे स्वीकारते.

दुसरी पायरी घरांची. जमिनीवर खडूने दोन घरे आखावीत. उजवे एककाचे, डावे दशकाचे. आता साधन एकच, चिंचोका. उजव्या घरात तो एक. उचलून डाव्या घरात ठेवला की तोच दहा. घरांची अदलाबदल करून चार आणि सात चिंचोके मांडावेत व काय झाले ते मुलांनाच सांगू द्यावे. पुढे शतकाचे तिसरे घर आखून एकशे पाच मांडले, म्हणजे मधले घर रिकामे दिसते. ते रिकामे आहे हे लिहून कसे सांगावयाचे, हा प्रश्न मुलांच्या मनात उभा राहू द्यावा. मग शून्य त्यांना उत्तर म्हणून भेटेल. ह्यानंतरच अंक लिहावेत.

ह्या श्रमांचे फळ वजाबाकीत दिसते. ५२ मधून २७ वजा करताना मूल सातातून दोन काढते आणि ३५ लिहिते. आपण त्यास 'उसना घे' म्हणतो. उसने घेतलेले परत द्यावयाचे असते, हे घरी शिकलेले मूल 'तो एक परत केव्हा द्यावयाचा?' असे विचारील, तर त्याचेच खरे आहे. येथे कोणी कोणाकडून उसने घेत नाही. पाच गठ्ठ्यांतील एक सोडला, चार गठ्ठे व बारा सुट्या काड्या झाल्या. त्यांतून दोन गठ्ठे व सात काड्या काढल्या, पंचवीस उरल्या. ज्याने गठ्ठा बांधला आणि सोडला, त्यास 'हातचा' आणि 'उसना' ह्या दोन्हींचा अर्थ पुन्हा सांगावा लागत नाही.

आपली अडचण मी जाणतो. कित्येक शाळांत दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळावयाचे आहेत, आणि पाठ्यक्रम पुरा करण्याची घाई आहे. परंतु येथे वाचविलेले आठ दिवस आपण पुढे गुणाकारात, भागाकारात आणि दशांश अपूर्णांकांत व्याजासह फेडतो. साहित्याची पेटी कपाटात कुलूपबंद नसावी, मुलाच्या हाताशी असावी. आणि ज्यास काड्यांची गरज उरली नाही, त्याने त्या आपण होऊन बाजूस ठेवाव्यात. ते त्याचे त्यास समजते.

२०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने प्रत्येक मुलाने तिसरीअखेर पायाभूत संख्याज्ञान मिळवावे असे म्हटले आहे. आपल्यापुरता त्याचा अर्थ मी इतकाच समजतो की, १६ मधील एकावर बोट ठेवले असता मुलाने दहा चिंचोके आपल्याकडे ओढावेत. आपणांस विनंती आहे की, उद्या वर्गात गेल्यावर ही एक परीक्षा घ्यावी आणि पुढील परिषदेत तिचा निकाल, तो कसाही असो, मोकळेपणाने सांगावा.