जाहिरातींचा अदृश्य लिलाव

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



लासलगावच्या बाजार समितीतील कांद्याचा लिलाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शेतकरी आपल्या मालाजवळ उभा असतो आणि व्यापारी त्याच्या डोळ्यांदेखत बोली लावतात. भाव पडला तर तो हळहळतो. परंतु बोली कुणाची आणि किती, हे त्याला कळते. आज मी ज्या लिलावाविषयी बोलणार आहे, तो आपल्या हातातील भ्रमणध्वनीवर दिवसभर चालू असतो, आणि ज्याचा माल विकला जातो त्यालाच त्यातले फार थोडे दिसते.

आपण एखाद्या वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडता. तेथील जाहिरातीची चौकट त्या क्षणी रिकामी असते. पान कोणते, वाचक कोणत्या गावचा, त्याची आवडनिवड काय, ही माहिती प्रकाशकाच्या विक्री-यंत्रणेतून लिलावाच्या बाजारात जाते. तेथे जाहिरातदारांच्या वतीने संगणक बोली लावतात. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सौदा पुरा होतो आणि जाहिरात झळकते. प्रकाशक किमान भाव ठरवू शकतो. पण जाहिरातदाराने मोजलेल्या रुपयातून वाटेत किती गळाले, हे त्याला सहसा कळत नाही.

ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या संघटनेने २०२० मध्ये हा हिशेब लावण्याचा प्रयत्न केला. खर्चापैकी सुमारे ५१ टक्के रक्कमच प्रकाशकांपर्यंत पोहोचली होती. बाकीची बहुतांश मध्यस्थांत वाटली गेली, आणि एकूण खर्चापैकी १५ टक्के रक्कम कुठे गेली याचा माग तज्ज्ञ लेखापालांनाही लागला नाही!

असे का व्हावे? गूगलने २००८ मध्ये ‘डबलक्लिक’ ही कंपनी ३१० कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे प्रकाशकाची विक्री-यंत्रणा, लिलावाचा बाजार आणि जाहिरातदाराचे खरेदीचे साधन या तिन्ही ठिकाणी तिचे वर्चस्व निर्माण झाले. विकणाऱ्याचा मुनीम, घेणाऱ्याचा दलाल आणि बाजाराचा मालक एकच असेल, तर न्याय कुणाकडे मागायचा?

हा केवळ आपला स्वदेशीचा आग्रह आहे, असे कुणी समजू नये. १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतीलच न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी, पहिल्या दोन क्षेत्रांत गूगलने बेकायदा मक्तेदारी केल्याचा निर्णय दिला. जाहिरातदारांच्या बाजूविषयीचा आरोप त्यांनी मान्य केला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युरोपीय आयोगाने २९५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून आपल्या स्पर्धा आयोगानेही जानेवारी २०२२ मध्ये गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला होता.

पैशाहून मोठी हानी विचारांची आहे. या बाजारात वाचकाच्या ओळखीला भाव आहे, मजकुराच्या मोलाला नाही. सहा महिने खपून लिहिलेला लेख आणि पाच मिनिटांत रचलेला चटकदार मथळा, दोन्हींची मोजणी ‘हजार दर्शनांमागे इतके’ याच मापाने होते. मग संपादकाची लेखणी नकळत त्या आकड्याच्या दावणीला बांधली जाते. मराठीसारख्या भाषेतील वैचारिक पत्राला हा धोका अधिक आहे.

दादाभाई नौरोजींनी इंग्रज सरकारच्याच आकडेवारीवरून या देशाची संपत्ती बाहेर कशी वाहते, हे जगासमोर मांडले. तंत्रज्ञानावर बहिष्कार हा उपाय नाही. दादाभाईंप्रमाणे हिशेब मागणे हा उपाय आहे. प्रकाशकांनी आपली जागा कोण विकू शकतो याची अधिकृत यादी आपल्या संकेतस्थळावर अद्ययावत ठेवावी. ही सोय २०१७ पासून उपलब्ध आहे. गावातील व्यापारी, सहकारी बँक, शिक्षणसंस्था यांच्याकडे जाऊन थेट जाहिरात मिळवावी. त्या सौद्यात मध्यस्थ नसतो आणि वाचकावर पाळतही नसते.

आणि आपण वाचकांनी? ‘फुकट’ वाचतो तेव्हा आपणच त्या लिलावातील माल असतो, हे ध्यानात ठेवावे. मराठी नियतकालिके वर्गणीदारांच्या बळावर उभी राहिली. वर्गणी भरणारा वाचक हा संपादकाचा खरा आधार असतो. त्याच्या जोरावर संपादक लोकप्रिय नसलेले सत्यही लिहू शकतो. घरी गेल्यावर, आपण रोज वाचतो त्यापैकी किती पत्रांची वर्गणी भरतो, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.