शुभ आधी, लाभ मागून



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर, उसनी आणलेली पुस्तके वाचून. तेव्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना काय शिकवावे हे आम्ही सांगणे काहींना आगाऊपणा वाटेल. पण हे विद्यार्थी उद्या जे हुकूम काढतील, ते आम्हालाच पाळावे लागणार आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली निर्देश दिले आणि पुढे पर्यावरण हा विषय महाविद्यालयांत सक्तीचा झाला. चांगले झाले. परंतु हिशेबाचा तास निराळा आणि पर्यावरणाचा निराळा राहिला, तर मुलगा पर्यावरण पाठ करतो आणि हिशेब तेवढा खरा मानतो.

भोपाळचेच पाहा. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट हे जहाल रसायन थंड ठेवावे लागे. १९८४ साली ते थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. सुटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. त्या विभागातली माणसेही कमी केली होती. कामगारांच्या युनियनने धोक्याचे इशारे आधीच दिले होते. यंत्रणा बंद ठेवली, माणसे कमी केली, की वहीत खर्च कमी दिसतो. २ डिसेंबरच्या रात्री सुमारे ४० टन विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन कचरा तिथून हलवायला २०२५ साल उजाडले. मग ती बचत होती, की दुसऱ्याच्या नावावर काढलेले कर्ज?

आमचे म्हणणे एवढेच, की हा प्रश्न जमाखर्चाच्याच तासाला विचारा. विद्यार्थ्याकडून भोपाळचा ताळेबंद मांडून घ्या. महिनाभर त्याला कारखान्यात पाळीवर उभा करा. खर्च कमी केला की तो कुणाच्या छातीत आणि कुणाच्या विहिरीत जाऊन बसतो, हे त्याला तिथे दिसेल.

हा विचार परका नाही. लक्ष्मीपूजनाला आपला व्यापारी नव्या वहीवर 'शुभ लाभ' लिहितो. त्यात शुभ आधी येते. वाडवडिलांनी घातलेला हा क्रम आपल्या महाविद्यालयांनी अभ्यासक्रमात उतरवावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.