वाट पडते आणि वाट बांधावी लागते

आपल्या भाषेत रस्ता बांधतात. वाट मात्र पडते. माणसे एकाच दिशेने चालत राहिली की गवत दबते, माती घट्ट होते आणि कोणीही न आखलेली पायवाट तयार होते. बागेतील आखीव रस्त्याला उगाच वळसा पडत असेल, तर हिरवळीवरून तिरपी गेलेली उघडी रेषा थोड्याच दिवसांत दिसू लागते. आखणाऱ्याची चूक चालणाऱ्याचे पाय अशा रीतीने सुधारीत असतात. संगणकावरील एका लोकप्रिय खेळप्रकारात मात्र ही सोय नाही; आणि तो खेळणाऱ्यांची एक जुनी तक्रार नेमकी तेथूनच सुरू होते.

हा खेळ म्हणजे करमणुकीचे उद्यान उभारून ते चालविण्याचा. खेळाडूने मोकळ्या जमिनीवर पाळणे, आगगाड्या, खाऊची दुकाने मांडावयाची आणि पडद्यावरील इवल्याशा पाहुण्यांना खूष ठेवावयाचे. हे पाहुणे बांधलेली वाट सोडून चालत नाहीत. दहा पावलांवर पाळणा फिरत असला, तरी मधल्या गवतावर ते आपण होऊन उतरणार नाहीत. त्यामुळे वाट ही येथे केवळ शोभेची वस्तू राहत नाही. साऱ्या उद्यानाचा व्यवहार तिच्यावर अवलंबून असतो. साहजिकच ती बांधण्याचे अवजार अडले, की सर्वच अडते.

ख्रिस सॉयर या स्कॉटिश रचनाकाराचा 'रोलरकोस्टर टायकून' हा खेळ १९९९ साली आला. त्याची आज्ञावली बहुतांशी यंत्राला जवळच्या अशा असेंब्ली भाषेत लिहिलेली होती. त्यातील जमीन चौकटीच्या वहीसारखी आखलेली होती. एका घरात एक फरशी बसवावयाची, की वाट पुढे सरकली. रीत सोपी खरी. परंतु तिरपी वाट हवी असल्यास पायऱ्यापायऱ्यांची नागमोड पत्करावी लागे. एकमेकींना खेटून दोन वाटा नेल्या, तर त्या न विचारता जोडल्या जात. पाळण्याच्या रांगेची वाट शेजारच्या वाटेला चिकटली, की सगळा घोटाळा उडे. ऐसपैस चौक बांधावा, तर प्रत्येक फरशी म्हणजे एक नवा चौरस्ता ठरे, आणि पाहुणे तेथेच घोटाळत राहत. बाहेर पडण्याचा दरवाजा न सापडल्याने त्रासलेले पाहुणे हे या खेळातील नेहमीचे दृश्य होय. पुढे २००२ साली आलेल्या दुसऱ्या भागात तर प्रवेश बंद असल्याचे फलक वाटेवर लावून त्यांना वळवावे लागे.

केंब्रिज येथील फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने २०१६ साली 'प्लॅनेट कोस्टर' आणला, तेव्हा चौकटीच्या वहीऐवजी खेळाडूच्या हाती जणू कोरा कागद आला. वाट हव्या त्या कोनात वळावी, रुंद व्हावी, उंच चढावी. हे स्वातंत्र्य मोहक होते. पण त्याचीही किंमत होती. वळणदार वाटेला दुसरी वाट जोडू पाहावे, तर जोड बसत नसे, किंवा बसला तर वेडावाकडा कोपरा उरे. सरळ कडांचा चौक बांधणे हे तर धीराचे काम ठरले. शेजारीशेजारी पट्टे टाकावयाचे, ते जुळले नाहीत म्हणून पुसावयाचे आणि पुन्हा टाकावयाचे, यातच खेळाडूची संध्याकाळ सरे. अखेर कित्येकांनी वाटेवर शोभेच्या फरश्या पसरून तिचे दोष झाकले. २०१९ च्या 'प्लॅनेट झू' या प्राणिसंग्रहालयाच्या खेळातही वाटांची रीत बव्हंशी तीच राहिली.

खेळ रचणाऱ्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. खेळाडूला वाट म्हणजे एक आकार दिसतो. संगणकाला मात्र त्या आकाराची प्रत्येक कड, प्रत्येक चढ आणि प्रत्येक फाटा हिशेबात धरून हजारो पाहुण्यांना चालवावे लागते. चौकटीत हा हिशेब सोपा असतो. मोकळ्या वळणात तो अवघड होतो. म्हणून अवजाराने कधी नकार द्यावा, यात गैर काही नाही. गैर आहे ते कारण न समजेल असा नकार देणे, आणि एक तुकडा जोडताना आधी नीट बसलेले दोन तुकडे बिघडविणे.

यात होणारे नुकसान केवळ वेळेचे नाही. वारंवार अडलेला खेळाडू हळूहळू आपल्या मनातील उद्यान सोडून देतो आणि अवजाराला जमेल तेवढेच उद्यान बांधू लागतो. ज्या कल्पनेसाठी खेळ हाती घेतला, तीच कल्पना खेळ छाटून टाकतो. सुताराच्या हातातील बोथट पटाशीही असेच करते. नक्षी तिच्या धारेपुरतीच उरते.

२०२४ साली 'प्लॅनेट कोस्टर २' मध्ये चौकासाठी निराळे साधन आले: आकार ठशासारखा उमटवावा किंवा कडा आपल्या हाताने रेखाटून आतील जागा भरावी. इतक्या वर्षांची तक्रार वृथा नव्हती, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

खऱ्या जगात आखणारा चुकला, तरी चालणारे त्याला सावरून घेतात. खेळातील पाहुण्यांच्या पायांना ते सामर्थ्य नाही. त्यांच्या वाटेचा सारा भार आखणाऱ्याच्या हातावर आहे. म्हणूनच त्या हातात दिलेले अवजार त्याचे म्हणणे ऐकणारे असले पाहिजे.