तुंबलेली सक्शन लाइन

अलिबाग, कर्जत, लोणावळा या पट्ट्यात बंगल्यामागे पोहण्याचा तलाव असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मालक शनिवार-रविवारी येतात, तलाव मात्र बाराही महिने केअरटेकरच्या गळ्यात. म्हणून आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी.

पंप पाणी उचलेनासा झाला की आधी फिल्टरवरचं प्रेशर गेज पाहा. फिल्टर घाण झाला असेल तर काटा नेहमीपेक्षा वर चढतो, सक्शन लाइन तुंबली असेल तर खाली येतो. हे लक्षात न घेता पुष्कळ ठिकाणी बिचाऱ्या वाळूच्या फिल्टरला उगाचच बॅकवॉश होत राहतो. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसले, तर झाकणाची रबरी रिंग आणि तलावातली पाण्याची पातळीही तपासा. हवा तिथूनही शिरते.

कचरा लाइनीत जातो कसा? बहुतेक वेळा पंप चालू ठेवून स्किमरची जाळी उचलल्यामुळे. किनाऱ्यावर तर सुरूच्या काड्या जाळी जागेवर असतानाही निसटतात आणि पहिल्या वळणावर गोळा होऊन बसतात. मेन ड्रेन आणि स्किमरचे व्हॉल्व्ह आळीपाळीनं बंद करून पाहिलं, की कोणती लाइन अडली ते कळतं.

आता उपाय. ओढून घट्ट बसलेला बोळा आणखी ओढून सहसा निघत नाही. पंपाच्या शोषणामागचं बळ शेवटी हवेच्या दाबाचं, चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. मोठा पंप बसवून ते वाढत नाही. बोळा आल्या वाटेनं परत ढकलावा. मेन स्विच बंद करा, दुसऱ्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे पाणी पळवाट काढणार नाही. पंपाची टोपली काढून सक्शनच्या तोंडात बागेच्या नळीला लावलेली रबरी पिशवी घाला. पाणी सोडलं की पिशवी फुगून पाइपात घट्ट बसते आणि पाणी उलटं धावतं. स्किमरपाशी जाळं धरून उभे राहा. कॉम्प्रेसरची हवा वापरू नका. जमिनीखालचा चिकटवलेला सांधा सुटला तर फरशी फोडावी लागेल.

बाहेर न दिसणारा धोका वेगळाच आहे. स्किमरची लाइन अडली की पंपाची सगळी ओढ तळाच्या मेन ड्रेनवर जाते. २० सेंटीमीटर व्यासाचं तोंड पूर्ण झाकलं गेलं आणि पंपानं निम्मी पोकळी जरी केली, तरी दीडशे किलोंहून जास्त ओढ तयार होते. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी अशीच हॉट टबच्या ड्रेनला चिकटली. आईला तिला सोडवता आलं नाही. पुढे २००७ च्या डिसेंबरात तिच्या नावानं तिथे सुरक्षित ड्रेन-जाळ्यांचा कायदा झाला. आपल्याकडे तुटलेली जाळी तशीच ठेवून पोरं डुंबताना सर्रास दिसतात, याचा मला राग येतो. लाइन मोकळी होईपर्यंत पाण्यात कुणीही उतरता कामा नये, मालकांचे पाहुणेसुद्धा. जाळी फुटली असेल तर ती बदलेपर्यंत पंप बंदच.

काम झाल्यावर पंप पाण्यानं भरून सुरू करा आणि काटा कुठे स्थिरावला तो आकडा पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी मालकांचा फोन आला, की सांगायला काहीतरी नेमकं असेल.